सकाळी महास्फोट, संध्याकाळी हरिपाठ

पत्राचा गोषवारा

(पत्रलेखिकेच्या विनंतीवरून नाव आणि गाव दिलेले नाही.)

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या भगिनीचे हे पत्र आहे. त्यांचे वय ४१ आहे. वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आणि माळकरी होते. निवृत्तीनंतर चौदा वर्षे त्यांनी पायी वारी केली. अंगणात त्यांनी हौसेने पर्जन्यमापक बसवले होते आणि पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठ वाजता ते त्याची नोंद वहीत करीत. वारीच्या दिवसांत ही नोंद आई घेई आणि वडील मुक्कामावरून फोन करून आकडा विचारीत. गेल्या श्रावणात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. रुग्णालयातल्या त्या सहा रात्री पत्रलेखिकेने अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून नामस्मरण केले. वडील वाचले नाहीत. तेव्हापासून वहीत नोंद झालेली नाही. संध्याकाळी मात्र वडिलांच्या जागी बसून त्या हरिपाठ म्हणतात.

रसायनशास्त्राचे एक सहकारी त्यांना स्टाफरूममध्ये म्हणाले, ‘सकाळी महास्फोट, संध्याकाळी हरिपाठ, मॅडम, एकदा काय ते ठरवा.’ खंडेनवमीला प्रयोगशाळेच्या परिचराने तराजूला झेंडूची माळ घातली आणि बाईंनी ती काढायला लावली नाही, म्हणून हे सहकारी दोन दिवस बोललेही नाहीत. या कोंडीतून सुटण्यासाठी बाईंनी मोबाइलवर ऐकलेल्या एका व्याख्यानाचा आधार घेतला आणि बारावीच्या वर्गात सांगितले, की दशावतार म्हणजे उत्क्रांतिवादच आहे. मागच्या बाकावरच्या एका मुलीने उठून विचारले, ‘मॅडम, मग वराहानंतर नरसिंह कसा आला? त्याचे जीवाश्म कुठे सापडले?’ वर्ग हसला, बाईंनी विषय बदलला. आठवड्याने लंबकाचे प्रात्यक्षिक चालू असताना त्याच मुलीने हळू आवाजात विचारले, ‘मॅडम, तुम्ही देव मानता का?’ बाई म्हणाल्या, ‘आधी वीस आंदोलने मोज.’ घरी नऊ वर्षांचा मुलगा विचारतो, की महास्फोटाच्या आधी विठोबा कुठे होता.

त्यांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत असा: ‘दोहोंपैकी एक खोटे असणार. मी कोणते सोडू?’ आणि कडेला, बारीक अक्षरात: ‘माझा विश्वास अर्धवट होता म्हणून तर वडील गेले नसतील?’

उत्तर

ताई,

कडेला लिहिलेल्या त्या ओळीपासून सुरुवात करतो, कारण सारे पत्र त्या एका ओळीसाठीच लिहिले गेले असावे असे मला वाचताना वाटले.

नाही. तुमचा विश्वास अर्धवट होता म्हणून वडील गेले नाहीत. हे मी केवळ धीर देण्यासाठी म्हणत नाही. या प्रश्नाची जेवढी तपासणी करता येते तेवढी करण्याचा प्रयत्न झालेला आहे. अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांमध्ये हृदयाची बायपास शस्त्रक्रिया होणाऱ्या १,८०२ रुग्णांचे तीन गट करून एक मोठा अभ्यास झाला आणि तो २००६ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन गटांतील रुग्णांना ‘तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणारही नाही’ एवढेच सांगितले होते. त्यांपैकी एका गटासाठी प्रार्थना झाली, दुसऱ्यासाठी झाली नाही. तिसऱ्या गटाला प्रार्थना नक्की होणार हे ठाऊक होते आणि ती झालीही. शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झालेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ५२, ५१ आणि ५९ टक्के निघाले. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली आणि ज्यांच्यासाठी झाली नाही, त्यांच्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. ज्यांना प्रार्थनेची खात्री होती त्यांना उलट थोडा अधिकच त्रास झाला. या प्रार्थना करणारे लोक तुमच्यासारखे द्विधा मनाचे नव्हते. दुसऱ्यांसाठी प्रार्थना करणे हा त्यांचा नित्यनेम होता.

या अभ्यासाला मर्यादा आहेत. प्रार्थना करणारे परके होते, लेक नव्हे. शिवाय रुग्ण बरा होतो की नाही एवढेच त्यात पाहिले गेले. त्या सहा रात्री त्या बाकावर तुम्ही कशाच्या बळावर बसून राहिलात, हे मोजण्याचा तिथे विचारच नव्हता. पण विश्वासाची मात्रा कमी पडली म्हणून गुण आला नाही हा जो हिशेब तुम्ही मांडला आहे, तो विज्ञानात बसत नाही आणि तुमच्या वडिलांच्या पंथातही बसत नाही. त्या हिशेबात देव म्हणजे औषधाच्या दुकानातला माणूस होतो, जो चिठ्ठीतले एक अक्षर चुकले म्हणून गोळ्या देत नाही. वारकरी पंढरीला मागणे घेऊन जात नाही, भेटीला जातो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

आता मोठ्या प्रश्नाकडे येऊ. दोहोंपैकी एक खोटे असणार, हे तुम्ही गृहीत धरले आहे. दोन उत्तरे एकाच प्रश्नाची असतील तरच त्यांतले एक खोटे ठरवावे लागते. तुमची सकाळ आणि संध्याकाळ एकाच प्रश्नाची उत्तरे देतात का, हे आधी पाहायला हवे, आणि त्यासाठी मला स्वतःच्या लहानपणीची एक गोष्ट सांगावी लागेल.

माझे बालपण पाटण तालुक्यात गेले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, चार वाजून एकवीस मिनिटांनी, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. आधी आवाज आला की हादरा बसला, हे मला आजही सांगता येत नाही. आमच्या गोठ्याची भिंत म्हशीवर कोसळली. शेजारच्या घरात माझ्याबरोबर शाळेत जाणारी मुलगी भिंतीखाली गेली. उरलेला गाव अंगावर गोधड्या घेऊन खळ्यात येऊन बसला, आणि माझी आजी म्हणाली, ‘शेषानं फणा हलिवला.’

आजीचे हे वाक्य धार्मिक वाटते, पण त्याची घडण पाहा: ते एका घटनेचे कारण सांगणारे वाक्य आहे. कारण सांगणाऱ्या वाक्याला परीक्षेला बसावेच लागते, आणि हे वाक्य त्या परीक्षेत नापास झाले. दख्खनचा हा भाग तोवर स्थिर समजला जाई. धरणात पाणी साठू लागल्यावर लहान धक्के सुरू झाले होते, आणि त्या पहाटे सुमारे ६.५ तीव्रतेचा मोठा धक्का बसून १७५ हून अधिक माणसे दगावली. जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपाचे जगातले एक ठळक उदाहरण म्हणून आज कोयनेचा अभ्यास होतो. कराडला त्यासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे, आणि कोयना खोऱ्यात गोठणे येथे बेसॉल्टचे थर भेदून खालच्या ग्रॅनाइटमध्ये सुमारे तीन किलोमीटर खोल विंधनछिद्र घेतले आहे. शेषाचे काम तिथे संपले. आजीला त्याचे फार वाईट वाटले असते असे मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी गावातले एक वृद्ध गृहस्थ त्या मुलीबद्दल म्हणाले, की तिचे पूर्वजन्मीचे संचितच तसे असणार. आजी त्यांच्या अंगावर धावून गेली. ‘आठ वर्साच्या पोरीचं कसलं आलंय संचित? गप बसा,’ असे ती सगळ्यांदेखत म्हणाली. आजी अडाणी होती, एकादशी मोडत नव्हती, संचितावर तिचा एरवी विश्वासही असावा. तरीसुद्धा ते वाक्य तिने नाकारले. ते नाकारायला तिला भूगर्भशास्त्र लागले नाही. ते क्रूर होते एवढेच पुरले.

संध्याकाळी तिने खळ्यातच सुपाचा आडोसा करून पणती लावली.

त्या पणतीने कशाचेही कारण सांगितले नाही, कोणाला दोष दिला नाही, उद्या धक्का बसणार नाही असे आश्वासनही दिले नाही. आम्ही मुले तिच्याभोवती सरकून बसलो आणि थोडी भाकरी खाल्ली. ती पणती खरी की खोटी, असा प्रश्न मला आजपर्यंत विचारता आलेला नाही.

ज्याला आपण एका दमात ‘धर्म’ म्हणतो त्या गाठोड्यात शेष, संचित आणि पणती या तिन्ही गोष्टी असतात. त्या सुट्या करून पाहिल्या, की विज्ञानाशी खरे भांडण कोणाचे आहे हे दिसते. जिथे धर्म जगाबद्दल काही सांगतो (अमुक केल्याने मूल होते, तमुक ग्रहाने लग्न मोडते), तिथे विज्ञानाला उत्तरपत्रिका तपासायचा पूर्ण अधिकार आहे. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर आणि साताऱ्याचे नरेंद्र दाभोलकर यांनी इतर दोघांबरोबर फलज्योतिषाची अशीच परीक्षा घेतली होती. मूल हुशार आहे की मतिमंद, हे ज्योतिष्यांनी पत्रिकेवरून सांगायचे होते, आणि प्रत्येकाला ४० पत्रिका दिल्या होत्या. उत्तरे पाठवलेल्या २७ ज्योतिष्यांचे सरासरी यश ४६ टक्के निघाले. नाणे उडवले असते तर ५० च्या आसपास आले असते.

येथवर वाचून तुम्हाला वाटेल, की मी तुम्हाला सोपी सुटका देतो आहे: विज्ञान ‘कसे’ ते सांगते, धर्म ‘का’ ते सांगतो, दोघांनी आपापल्या वाफ्यात राहावे. हे वाक्य मला कधीच पुरेसे वाटलेले नाही. भूकंप का झाला, हा ‘का’च होता आणि त्याचे उत्तर भूगर्भशास्त्राने दिले. शिवाय हरिपाठ ही निव्वळ पणती नाही. त्यात नाम घेणारा आहे, आणि ते ऐकणारा कोणीतरी आहे असे गृहीत आहे. ऐकणारा असेल तर तो काही करतो का? करत असेल तर ते दिसायला हवे, आणि करत नसेल तर ‘ऐकतो’ म्हणजे नेमके काय? या जागी प्रामाणिक माणसाला अडखळावे लागते. तुम्ही अडखळलात, हा तुमचा दोष नाही.

अडखळल्यावर लोक कुठकुठल्या वाटांनी गेले हे पाहायला तुम्हाला जिल्ह्याबाहेर जावे लागणार नाही. कराडजवळच्या टेंभूत जन्मलेल्या आगरकरांनी देवाबाबत अज्ञेयवाद, म्हणजे ‘देव आहे की नाही हे कळू शकत नाही’ ही भूमिका, पत्करला आणि त्याची किंमत मोजली. ज्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण, त्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला. पण त्यांनी देव टाकला नाही, त्याला ‘निर्मिक’ म्हटले आणि मधले दलाल तेवढे हटवले. वाईला प्राज्ञपाठशाळेत शिकलेले आणि पुढे मराठी विश्वकोशाची धुरा वाहिलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे धर्मशास्त्राचे गाढे पंडित असूनही विचाराने बुद्धिवादी होते. त्याच मातीत गोंदवले आहे आणि सज्जनगडही आहे. तुम्हाला कोणी ‘नास्तिक’ म्हणालेच, तर एवढे लक्षात असू द्या, की आपल्या परंपरेत नास्तिक म्हणजे वेदांचे प्रामाण्य न मानणारा. सांख्य आणि पूर्वमीमांसा ही दर्शने आस्तिक समजली जातात आणि तरीही त्यांना जगाचा कर्ता ईश्वर लागत नाही. देव मानणे आणि न मानणे यांच्यामध्ये आपल्याकडे बऱ्याच ओसऱ्या आहेत, आणि तिथे बसलेल्यांना कोणी घराबाहेर काढलेले नाही.

माझे स्वतःचे उत्तर ‘ठाऊक नाही’ असे आहे आणि गेली चाळीस वर्षे ते बदललेले नाही. पत्नी दर पौर्णिमेला गोंदवल्याला जाते. गाडी मी चालवतो.

आता दशावताराविषयी. तिथे तुमची चूक झाली आहे, आणि ती मला हरिपाठापेक्षा कितीतरी गंभीर वाटते. मासा, कासव, रानडुक्कर, अर्धा सिंह, बुटका माणूस, पूर्ण माणूस अशी रांग लावली की ती शिडीसारखी दिसते. पण उत्क्रांती ही शिडी नाही, फांद्या फुटत जाणारे झुडूप आहे. माणूस कासवापासून झालेला नाही आणि रानडुकरापासूनही नाही. फार मागे त्यांचे आणि आपले पूर्वज एक होते, इतकेच. डार्विनने १८५९ साली जे मांडले त्यात पुढे पुष्कळ सुधारणा झाल्या. उद्या आणखी झाल्या तर अवतारांचा क्रमही बदलायचा का? या तुलनेत अवतारकथेचेही भले होत नाही, कारण नरसिंहाच्या गोष्टीत पोराला छळणारा बाप आहे, खांब आहे, उंबरठा आहे, तिन्हीसांजेची वेळ आहे. ते सगळे बाजूला सारून आपण त्याला जीवशास्त्राच्या तक्त्यात कोंबतो. मागच्या बाकावरच्या त्या मुलीने तुमच्यावर उपकार केले आहेत.

श्रद्धेला विज्ञानाची कुबडी द्यायचा मोह भल्याभल्यांना होतो. तुम्ही सकाळी जो महास्फोट शिकवता, त्याचा उगम ज्यांच्यापाशी आहे ते जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते, हे त्या सहकाऱ्यांना ठाऊक आहे का? विश्व प्रसरण पावत आहे हे त्यांनी १९२७ साली गणिताने मांडले आणि १९३१ मध्ये आद्य अणूची कल्पना पुढे केली. एका धर्मगुरूच्या सिद्धांताला विश्वारंभाचा वास येतो, असा संशय काहींना होता. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांना तर हा सिद्धांत मुळीच पसंत नव्हता. १९४९ मध्ये रेडिओवर बोलताना ‘बिग बँग’ हे नाव दिले ते त्यांनीच. विश्वाला आरंभच नाही, या त्यांच्या ‘स्थिर स्थिती’च्या पर्यायी मांडणीवर आपले नारळीकर त्यांच्याबरोबर काम करीत होते. शेवटी १९६५ साली उघड झालेल्या, विश्वभर पसरलेल्या सूक्ष्मलहरींच्या प्रारणाने पारडे महास्फोटाकडे झुकवले. लमेत्र यांच्या झग्याचा किंवा हॉयल यांच्या निरीश्वरवादाचा त्या निकालात काही भाग नव्हता.

माझ्या दृष्टीने खरी गोष्ट मात्र १९५१ मधली आहे. पोप बारावे पायस यांनी एका भाषणात या सिद्धांताचा संबंध बायबलमधल्या विश्वनिर्मितीशी जोडला. दुसरा कोणी धर्मगुरू असता तर आनंदाने नाचला असता. लमेत्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे, तो देवाच्या बाजूची साक्ष म्हणून वापरू नये, अशी त्यांची भूमिका होती आणि ती त्यांनी पुढेही सोडली नाही. ते रोज प्रार्थना करणारे गृहस्थ होते. आपली श्रद्धा एका समीकरणावर टांगली तर समीकरण बदलताच ती खाली येईल, हे त्यांना कळले असणार.

मुलाला काय सांगावे, हे यातूनच निघते. विश्व १३.८ अब्ज वर्षांपूर्वी अतिशय तप्त आणि दाट होते, तिथपासूनचे बरेचसे सांगता येते. त्याच्या ‘आधी’ काय, किंवा ‘आधी’ या शब्दाला तिथे अर्थ तरी आहे का, हे अजून कोणालाही ठाऊक नाही, असे त्याला सरळ सांगा. नऊ वर्षांच्या मुलाला आईच्या तोंडून ‘ठाऊक नाही’ ऐकायला आवडते, असा माझा अनुभव आहे. फक्त त्या रिकाम्या जागी विठोबाला बसवू नका. ग्रहांच्या कक्षा हळूहळू बिघडतील आणि देवाला अधूनमधून त्या नीट कराव्या लागतील, असे न्यूटनला वाटत होते. शंभरेक वर्षांनी लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाच्या गणिताने ती गरज उरू दिली नाही. रिकाम्या जागेत ठेवलेला देव भाडेकरूसारखा असतो. घरमालक दारात आला की त्याला सामान उचलावे लागते.

तराजूच्या माळेचा वाद मला फार आवडला. तुमचे सहकारी आणि तुम्ही, दोघेही एक साधा प्रश्न विसरलात: माळ तराजूवर असताना वजन घेतले होते का? घेतले असते तर माळेचे वजन त्यात मिसळले असते आणि सहकाऱ्यांचा राग रास्त ठरला असता. माळ उतरवून, पारडी पुसून, काटा शून्यावर आणून मग काम सुरू झाले असेल तर विज्ञानाचे काहीही बिघडलेले नाही. चांद्रयान-२ च्या आधीही इस्रोची माणसे देवदर्शनाला गेली होती आणि २०२३ मध्ये चांद्रयान-३ च्या आधी तर तिरुमलाला यानाची छोटी प्रतिकृती घेऊन गेली. पहिल्या वेळी, सप्टेंबर २०१९ मध्ये, विक्रम लँडर कोसळला. दुसऱ्या वेळी तो उतरला. नमस्कार दोन्ही वेळा होता. मधल्या काळात बदलले ते लँडरचे पाय, जे अधिक मजबूत केले गेले, इंधन, जे वाढवले गेले, आणि उतरण्याची जागा, जी अर्ध्या किलोमीटरच्या चौकोनाऐवजी काही किलोमीटर लांबरुंद ठरवली गेली. ‘इस्रोवालेसुद्धा जातात’ हे देवाच्या अस्तित्वाचे प्रमाण नाही आणि इस्रोच्या अडाणीपणाचेही नाही. त्यांनी माळ उतरवून वजन घेतले, इतकेच त्यातून दिसते. तुमची संस्था सगळ्या जातिधर्मांच्या मुलांची आहे, तेव्हा परिचराने आपल्या हाताने माळ घालावी, मुलांना ओळीने नमस्काराला उभे करू नये, एवढे पथ्य मात्र तुम्ही स्वतः पाळा.

सहकाऱ्यांना उत्तर देण्याची मला गरज वाटत नाही. पण द्यायचेच झाले तर १९७९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल सांगा. ते तिघांना मिळाले. त्यांपैकी अब्दुस सलाम श्रद्धाळू मुसलमान होते, स्टीव्हन वाइनबर्ग उघड निरीश्वरवादी होते, आणि दोघे स्वतंत्रपणे एकाच सिद्धांताला पोहोचले. समीकरणावरून कोणते कोणाचे हे ओळखता येत नाही. आणि त्या गृहस्थांवर फार रागावू नका. आपल्याकडे देवाच्या नावावर जे चालते ते पाहून कोणाच्याही तोंडाला कडवटपणा येईल.

त्या कडवटपणाला कारण आहे. याच साताऱ्याच्या दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घातल्या गेल्या. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. देवाधर्माला विरोध नाही, त्यांच्या नावावरच्या शोषणाला विरोध आहे, हे दाभोलकरांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती सतत सांगत आली. त्या कायद्यात हरिपाठाविरुद्ध, वारीविरुद्ध एक अक्षर नाही. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणे मात्र गुन्हा आहे, आणि हे सदर वाचणाऱ्या वाड्यावस्त्यांवरच्या घरांनी एवढी एक गोष्ट जरूर ध्यानात ठेवावी. तुमच्यासारख्या द्विधेत सापडलेल्या इतरांनाही मी हीच खूण सांगेन: श्रद्धा औषध लांबवायला लावत असेल, उसनवारी करायला लावत असेल, भीती घालत असेल, किंवा घरातल्या कोणा बाईला चार दिवस बाहेर बसवत असेल, तर ती पणती राहिलेली नाही; तिथे थांबावे आणि विचारावे. यांपैकी काहीच होत नसेल तर संध्याकाळच्या अर्ध्या तासाचा जाब जगाला देण्याचे कारण नाही.

वर्गात मात्र तुम्हाला परत जायचे आहे. भारतीय राज्यघटनेने अनुच्छेद २५ मध्ये सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहे आणि मूलभूत कर्तव्यांत, अनुच्छेद ५१-क मध्ये, वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासायला सांगितले आहे. बारावीच्या वर्गात उभ्या असलेल्या शिक्षिकेला दुसरे आधी लागू होते. पुढच्या तासाला, धडा सुरू करण्यापूर्वी, म्हणा, ‘दशावताराबद्दल मी जे सांगितले ते चुकीचे होते. मी न तपासता सांगितले. मागच्या बाकावरचा प्रश्न बरोबर होता.’ तीनच वाक्ये, त्यावर व्याख्यान नको. आपले शिक्षक स्वतःचे विधान मागे घेताना मुलांना फार क्वचित दिसतात.

त्या मुलीचा दुसरा प्रश्न तिने वर्गात विचारला नव्हता, तेव्हा उत्तरही वर्गात देऊ नका. प्रात्यक्षिकाच्या वेळी ती एकटी असेल तेव्हा द्या, आणि खरे द्या. ‘माझे वडील गेल्यापासून मी त्यांचा हरिपाठ म्हणते. देव आहे हे मला सिद्ध करता येत नाही आणि तुला मी ते शिकवणारही नाही,’ एवढे पुरे. कोण जाणे, तिच्याही घरात अलीकडे काही घडले असेल. सतरा वर्षांच्या मुली हा प्रश्न हळू आवाजात उगाच विचारत नाहीत.

आणि ती वही. तिच्याबद्दल तुम्ही जाता जाता दोन ओळी लिहिल्या आहेत. मी त्या तीनदा वाचल्या. मुक्कामावरून फोन करून ‘आज किती मिलिमीटर?’ विचारणाऱ्या माळकऱ्याला कोणी ‘एकदा काय ते ठरवा’ असे म्हटले होते का, हे आईंना विचारून पाहा. वही उघडलीत तर चौदा आषाढांमध्ये कुठे एकादशीपुढे पावसाचा आकडा फुगवला आहे का, तेही पाहा. पर्जन्यमापक अजून अंगणात असेल तर ते मुलाकडे सोपवा. सकाळी साडेआठ म्हणजे साडेआठ, हे आई सांगतीलच. वर्षभर कोणी हात लावला नसेल तर नरसाळ्यात पालापाचोळा साचला असेल. तो आधी काढायला सांगा.